मतलई

मतलई वाऱ्यावरच मारायचा रंग,
युनूस सोलकरनं पहिल्याच दिवशी सांगितलं.
उजाडताना, जयगडच्या खाडीवर सुरकुती नसताना.
दहानंतर दर्याकडून मीठ येतं,
दिसत नाही, पण बसतं पत्र्यावर,
आणि मिठावरचा रंग म्हणजे
उधारीवरचं लग्न.
पावसाळा सरायच्या आत फोड.

बार्जचं पोट गोड्या पाण्यानं धुतलेलं.
तो लोखंडाला जीभ लावून बघतो.
"अळणी आहे," म्हणतो, "चालू कर कॉम्प्रेसर."

गन पत्र्यापासून वीतभर.
मनगट वळवायचं नाही, अख्खा हात न्यायचा,
अंगण सारवतात तसा,
अर्धा पट्टा मागच्या पट्ट्यावर चढवत.
थांबलास की ओघळ.
घाबरून लांब गेलास की नुसता भुगा,
हात फिरवला तर रव्यासारखा.

मास्कच्या जाळ्या शेठ महिन्यातून एकदा बदलतो.
युनूसभाईला आता वास येत नाही,
ना थिनरचा, ना सुकटीचा.
पोरीच्या केसांतली सुरंगी
तिनं सांगितल्यावर कळली.

काल वारा लवकर फिरला.
मी ओरडेपर्यंत तांबडी धूळ गेली
थेट हसीनाबीच्या जाळ्यावर.
दोन पाट्या खारे बांगडे, रेड ऑक्साइडचे.
तिनं शिव्या घातल्या, त्यानं पैसे मोजले.
एक बांगडा मात्र उचलून उजेडात धरला,
फिरवला, नखानं खरवडला,
आणि हळूच मला म्हणाला,
"एकसारखा बसलाय बघ.
मुद्दाम मारला असता तर नसता बसला."