कंसातलं नाव

जांबोटीच्या दूध सोसायटीच्या माडीवर
एक कॉम्प्युटर, एक बिघडलेलं फॅट मोजायचं यंत्र
आणि मी.
सभासदांची जुनी यादी, सहाशे बारा ओळी.
बायकांच्या नावापुढं कंसात माहेरचं नाव.
तेवढं कंसातलं उचलून
शेजारच्या रकान्यात ठेवायचं.

"एवढंच न्हवं?" चेअरमन म्हणाले.
एवढंच.
उघडता कंस शोध, त्याची जागा धर,
मिटता कंस शोध, त्याची जागा धर,
मधलं काप.
कंसाच्या कोठडीतनं लेकरू काढायचं
पहारेकरी जागे व्हायच्या आत.

पहिल्या फेरीत कंसही आला नावाला चिकटून.
मग जागेत एक मिळवला.
घाईत एकाच्या जागी दोन मिळवले असणार,
कारण किसनीचा क गेला
आणि वेलांटी राहिली,
ठिपक्यांच्या पोकळ वर्तुळाला धरून उभी,
घर विचारत आल्यासारखी.

मग हावरटपणा.
मिटता कंस मी ओळीच्या शेवटाकडून शोधत होतो.
ज्या ओळीत दोन कंस, एक माहेरचा, एक म्हशींचा,
तिथं प्रोग्रामनं
पहिल्या उघडत्यापासून शेवटच्या मिटत्यापर्यंत
नवऱ्याचं गाव, खाते नंबर, पेंडीची उधारी
सगळं माहेर म्हणून गिळलं.
पुढून शोधायला लावलं, तेव्हा
पहिल्या दारापाशी थांबायला शिकला.

मथळे कन्नडमध्ये, नावं मराठीत,
आकडे लिहिणाऱ्याच्या हाताला येतील तसे.
फाट्यावरच्या पाटीवर कुठली लिपी वर
यावरून दोनदा डांबर फासून झालंय.
कंस मात्र दोन्ही लिपींत तोच,
तशीच पाठ वाकवून बसणारा.

दुपारपर्यंत रकाना भरत आला.
बायजा, मालू, सुंद्रा, तुडयेची राही,
पारगडाकडची कुणी एक चिमा.
चाळीस वर्षांत कुणी हाक मारली नसेल अशी नावं
एकाखाली एक,
खाली सेंटरवर ज्या किटल्या धुतायत
त्यांची.

ओळ चारशे सात.
भरमव्वा तुकाराम गुरव (शेवंता
आणि पुढं कंस मिटलाच नाही.
शोधलं, तर उत्तर आलं वजा एक.
वजा एक म्हणजे सापडला नाही.
पण कापणाऱ्याला हे कोण सांगणार,
तो वजा एक म्हणजे
शेवटचं एक सोडून, असं धरतो
आणि कापतो.

जुन्या सेक्रेटरींना फोन लावला. मष्णोजीमामा, वय ब्याऐंशी.
"काय करूलालास रं?"
"कंस मिटवूलालोय, मामा. चारशे सातचा."
बराच वेळ नुसती खरखर.
"गुरवाची व्हय. नाव सांगितलं तिनं,
गाव सांगूलालती, तवर कणकुंबीची बस आली.
पळाली की बाई. मी म्हटलं, सांगंल उद्या."
"मग?"
"मग काय मग. दूध येत हुतं रोज,
पोरगं घेऊन यायचं.
कंस तसाच ऱ्हायला बघ माझ्याकडनं."

एक कळ दाबली असती.
शेवंताच्या पुढं, त पाशी, संपलं.
बोट ठेवलंही होतं.
पण गाव त्याच्या आत यायचं होतं
आणि ते मला माहीत नाही,
मामांना माहीत नाही,
चेअरमनना तर रकाना भरला म्हणजे झालं.

पाच वाजता यादी पाठवली.
चारशे सातमध्ये माहेर म्हणून आलंय ते असं:
शेवंता म्हशी दोन तीन लिटर अकरा जून सह

शेवटचा शब्द सही होता.
वजा एकनं दीर्घ वेलांटी तेवढी खाल्ली.
मी दुरुस्त केलेलं नाही.