पाणमोज्याची वही

धक्क्याला ठोकलेली एक लाकडी पट्टी, तिच्यावर पांढरे आकडे.
सकाळी सहा, दुपारी बारा, सांजेला सहा.
मी वाचायचो, वहीत मांडायचो. एकतीस वर्षं.
याहून माझं कर्तृत्व नाही.

हार्मेन डाउंकर आला तेव्हा चोवीसचा होता,
ओल्या मोज्यांचा.
होडीतून गिरमिट सोडून समुद्राचा तळ वर काढायचा,
काळा चिखल चिमटीत धरून हुंगायचा,
एकदा तर जिभेवर ठेवला चक्क,
आणि म्हणाला, "इथं गहू येईल."
खाली दोन पुरुष पाणी. आम्ही हसलो.

पुढं तो हेगला गेला. मंत्री झाला, पडला, परत झाला.
सभागृहात दोन तास चिकणमातीवर बोलला म्हणे,
कुणीतरी घोरलं, ते पेपरात आलं.
आमचे कोळी त्याला पाण्यात पाहायचे.
दुसरं कुठं पाहणार?
चर्चच्या सभेत त्येब्बे उठला:
"साहेब, हेरिंगला मत देता आलं असतं तर?"
डाउंकर बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला.
"तर मी पडलो असतो," म्हणाला.

मग ती जानेवारीतली रात्र.
वहीत त्या रात्रीची ओळ कोरी आहे.
सकाळी मंत्र्यांची तार: किती?
मी उलट कळवलं:
पट्टीच्या वर. आकडा नाही. माझी मारित्ये नाही.

उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी तोच आला.
स्वयंपाकघरात बसला, कोट न काढता.
भिंतीवर ओलीची रेघ होती, माझ्या खांद्याइतकी.
त्यानं खिशातून घडीची मोजपट्टी काढली,
अर्धी उलगडली,
परत मिटून ठेवली.
आल्ट्येनं दिलेली कॉफी थंड होईस्तोवर
आम्ही तिघं त्या रेघेकडे बघत होतो.

बांधाचं शेवटचं तोंड बुजलं
तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झालेली.
भोंगे वाजले. त्येब्बेनं होडी विकली होती,
भरपाईच्या पैशात एक शिवणयंत्र आलं, बायकोला.

त्या दिवशी वारा पडलेला.
सहाला जो आकडा, बाराला तोच.
सांजेला पुन्हा तोच.
मला वाटलं, डोळे गेले माझे.
त्येब्बेला बोलावलं. त्यानं वाकून वाचलं,
मग धक्क्यावर शेजारी बसला.
पाणी नुसतं होतं.
येत नव्हतं, जात नव्हतं.

वही बंद करा असं कुणी कळवलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी सहाला
मी पेन्सिल तासून गेलो.