तेहतीस के.व्ही., रात्रपाळी

एक वाजताचं रीडिंग लॉगबुकात भरलं
की माझ्याजवळ एक्कावन्न मिनिटं असतात.
उरलेली नऊ चहाची.

उपकेंद्राच्या मागे, तारेचं कुंपण
आणि तेलाची रिकामी पिंपं, यांच्या मधोमध
बारा बाय आठ मुरूम दाबून घेतलाय टाचांनी.
तिथं चपला काढतो. पूस महिना,
मुरूम पायाला चावतो.

तलवार सागाची.
गुलाब वाढईनं उरल्या लाकडाची करून दिली,
पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं,
"हिले धार कोण्या आंगानं?"
मी बोट ठेवलं.
त्या बोटाखाली त्यानं उगाच
दोनदा रंधा ओढला.

हाना, दुल, सेत, नेत.
कोरियन मला दहापर्यंत येतं,
त्यातही सात-आठाची अदलाबदल होते,
म्हणून माझा सातवा वार
कित्येक महिने आठवाच आहे.

ढेंगे सर अमरावतीला शिकवायचे,
बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, रविवारी.
आम्ही अकरा जण. मग चार.
मग हॉल लग्नांना गेला अन् सर पुण्याला.
जाताना म्हणाले, रोज शंभर. वरून खाली. बाकी काही नको.
ओढायचं डाव्या हातानं,
उजव्यानं नुसती वाट दाखवायची,
आणि बेंबीच्या रेषेत थांबवायचं.
थांबवायचं म्हणजे थांबवायचं,
पुढे एक बोटही नाही.

तुकडू जागल्या हरभऱ्यात डुकरं हाकायला निघतो,
कुंपणाशी थांबतो, बॅटरी माझ्या पायावर.
"कोणाले मारून राह्यला गा, ऑपरेटर?"
कोणाला नाही.
"मंग चुकलं हे कसं समजते?"
आणि उत्तराची वाट न बघता
बिडी पेटवतो.

मला तरी कुठं समजत होतं.
ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यात
सगळे वार सारखेच.

एक चाळीसला वरून लाईन गेली.
घुमणं थांबलं.
कारंज्याच्या बाजूचे दिवे, रस्त्यावरचा हायमास्ट,
गव्हातल्या मोटारी, सगळं एकदम खाली बसलं,
आणि तलवार तेव्हा कपाळाच्या वर होती माझी.

मी ती आणली खाली.
हवेत दोन आवाज निघाले.
एक फस्सकन, आणि त्याच्या मागून
एक फरफटलेला, जसं कोणी
पाय ओढत उशिरा घरात शिरावं.

"हे चुकलं," अंधारातून तुकडू म्हणाला.

आत फोन वाजत होता.
मला जायला हवं होतं. कारंज्याला कळवायचं,
ब्रेकर पाहायचे, टॉर्च ड्रॉवरमध्ये.
मनगट उजवीकडे वळत होतं.
सात वर्षं वळत असणार.
फोन वाजत होता.
मी उचलली, डाव्यानं ओढली,
उजवा हात सोडला जवळजवळ,
पोरीच्या सायकलीची सीट सोडली होती तसा.

एकच आवाज.
तुकडू काही बोलला नाही.
बिडीचा लाल ठिपका तेवढा हलला.

मग धावलो.

लॉगबुकात आहे:
१.४० सप्लाय बंद. १.४६ सप्लाय चालू.
त्यातला तो एक श्वास कोणत्या रकान्यात भरू,
असा रकानाच नाही.

घुमणं परत आलं. दूर मोटारी खोकल्या,
तुकडूची बॅटरी बांधावरून लांब गेली,
"हाऽऽड!" असं कोणाला तरी ओरडला तो.
दोनचं रीडिंग घेतलं. आकडा जरा वाकडा आला.
खुर्चीत बसलो तेव्हा टाचेत सराटा निघाला.
कधी घुसला, कोण जाणे.