काटा

पीटरहेडच्या मासळी कारखान्यात
दांगुओले माझ्या शेजारी उभी राहते.
हातात सुरी, आणि रबरी एप्रनच्या खिशात
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड कादंबरी,
दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांची.
वाचनालयाची आहे; आता तिलाही हॅडकचा वास लागलाय.

चहाच्या सुट्टीत ती बोट ठेवून वाचते,
अडलेला शब्द पेनाने मनगटावर लिहिते,
हातमोज्याच्या आत.
संध्याकाळी हात धुताना
निम्मे शब्द नळाखाली वाहून जातात.
"उरतील ते माझे," म्हणते.

सुपरवायझरला एकदा म्हणाली, "मी इनकन्सोलेबल आहे."
बस चुकली होती, एवढंच.
आम्ही आठवडाभर हसलो.

मग परवा एका माशाचा काटा निघेना.
"ऑब्ड्युरेट," ती पुटपुटली.
म्हणजे काय, मी विचारलं.
मी, इथेच जन्मलेली, तीन पिढ्या याच धक्क्यावरची.

सुरी खाली ठेवून तिने सांगितलं:
हट्टी नव्हे. हट्टी माणूस कधीतरी थकतो.
हा रडून, विनवून, काही केल्या
पाझरत नाही.

घरी आले. किटली ठेवली.
भिंतीवर बाबांचा फोटो, लोकरी टोपीतला.
मी पंधराची असताना
त्यांनी खुंटीवरचं माझं दप्तर काढलं
आणि हातात सुरी दिली.
चाळीस वर्षं मी त्यांना नुसतं "कडक" म्हणत आले.

मनगट कोरं होतं माझं.
पेन शोधलं.
स्पेलिंग येईना.