घेतला वसा

टार्टूत डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारतं.
मारिका शपथ मोडत बसते. पगारी काम आहे ते.
आज सकाळपासून एकतीस वेळा.

रिकाम्या झोपडीतला पाव उचलला: मोडली.
कोंबडीला चुकून बाण लागला: मोडली.
(कोंबडीची नोंद तिने तांबड्यात केली.)
शरण आलेल्याला आधी डिवचलं,
त्याने सुरी उपसली, मग कापला:
शाबूत. चिलखतावरचं सोनं तसंच झळझळीत,
मागे तुताऱ्यासुद्धा.

मग गिरणीचा प्रसंग.
शिपाई विचारतो, पोरं कुठे लपलीत?
पडद्यावर दोनच वाक्यं. तिसरं कुणी लिहिलंच नाही.
खरं सांगितलं, तर शिपाई जिना चढतात,
कॅमेरा भल्या माणसासारखा आभाळाकडे वळतो,
आणि पॅलाडिनचं तेज कणभर कमी होत नाही.
खोटं सांगितलं, तर पोरं वाचतात,
ढाल काळवंडते, देव बोलायचा थांबतो
देवळात पाचशे मोहरा भरेपर्यंत.

तिने तक्रार टाकली.
पायऱ्या: गिरणीत जा. खोटं बोल. ढाल बघ.
अपेक्षित:
इथे ती बराच वेळ थांबली. चहा निवला.
मग लिहिलं, माहीत नाही. पण हे नाही.

वरच्या मजल्यावरून उर्मोचं उत्तर पाच मिनिटांत:
लिहिलंय तसंच चालतंय. बंद करतोय.
शेवटी एक हसरा चेहरा. माणूस वाईट नाही.
हातांनी काय केलं ते मोजता येतं, म्हणतो,
मनात काय होतं त्याचा रकाना कुठून आणू?

सहाला ती नदीकाठानं इस्पितळात गेली.
हेल्दुर, तिचा बाप, जन्मभर वजनमापांचा निरीक्षक,
खोटं वजन सापडलं की पुलावरून नदीत टाकणारा.
लहानपणी त्यानेच तिच्याकडून वदवून घेतलेलं:
काहीही होवो, मला खरं सांगायचं.
त्याने विचारलं, रिपोर्ट काय म्हणतो?

वाक्यं दोनच होती.
ती म्हणाली, बरा आहे. मार्चमध्ये घरी.

काहीच काळवंडलं नाही.
सलाईन थेंब थेंब चालू, शेजारच्या खाटेवर रेडिओ.
बापाने तिच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ,
मग तिचा हात उचलून
तळव्यावर तोलून पाहिला
आणि म्हणाला, हातमोजे घालत जा.

बाहेर उणे चौदा.
थांब्यावर तिने फोनवर ती बंद तक्रार पुन्हा उघडली,
‘अपेक्षित’च्या पुढचं खोडलं,
काहीतरी लिहायला गेली.
बस आली.