इतर

आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत,
लसींच्या फ्रीजशेजारी,
बुधवारी दुपारी कॉम्प्युटर माझा असतो.
लिल्हारे सिस्टर पासवर्ड टाकून देतात,
दार लोटून जातात. कडी लावत नाहीत.

पडद्यावरची बाई फार शुद्ध बोलते.
'नमस्कार शालिकराम. आज मन कसं आहे?'
खाली शून्य ते दहा.
आमच्याकडे कोणी विचारलं तर म्हणतात, चाल्लं बाप्पा.
चाल्लं बाप्पा म्हणजे किती?
मी चार दाबतो.
चार म्हणजे फेज आहे, व्होल्टेज नाही;
बल्बची तार लाल दिसते,
उजेड पडत नाही.

'मागच्या आठवड्यात किती पेले घेतलेत?'
सोबत काचेच्या पेल्याचं चित्र.
मोहाची कोण पेल्याने मोजतो?
शिश्यांचे पेले करताना
तिसरीतलं गणित आठवलं, गणिताचे डोंगरे मास्तर आठवले,
आणि हसू आलं एकट्यालाच.

खोटं बोलायची सोय होती.
बायकोशी बोललो, साहेबाशी बोललो.
पण ही तोंडाचा वास घेत नाही,
च्च करत नाही.
खरं लिहिलं : सात शिश्या.
म्हणाली, 'प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद.'
सगळ्यांनाच म्हणत असेल.
तरी.

चौथा धडा. 'प्यावंसं कशामुळे वाटतं?'
मित्र. लग्नकार्य. भांडण. थकवा. सण.
एकेक वाचलं.
डीपीची गुणगुण त्यात नव्हती,
रबरी हातमोज्यांचा वास नव्हता,
पिंपळटोलीचा तो खांब नव्हता,
ज्याच्याखाली भोजराजने फोन लावून विचारलं, चढू का,
आणि परमिट हातात नसताना
मीच म्हणालो :
चढ, बंद हाये.

सगळ्यात खाली होतं, इतर.
पुढे बोटभर चौकोन.
भ सापडायला वेळ लागला.
भो. भोज.
फ्रीज डीपीसारखाच गुणगुणत होता.
मी थांबलो असेन,
कारण पडद्यावर अक्षरं उमटली :
'तुम्ही अजून आहात का?'

पाच मिनिटं हात लावला नाही की विचारते ती,
सिस्टरांनी नंतर सांगितलं.
दोन वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

आणि लाइट गेली.
फ्रीज गप्प. पडदा काळा, त्यात माझं तोंड.
'शालिकभाऊ, फ्यूज पाहता का जरा?
पोलिओच्या लसी आहेत आत.'

निलंबित माणसाचे हात
शर्टाला पुसले.
मेन स्विच मीच खाली केला, कोणाला सांगितला नाही.
टेस्टर लावला. पुन्हा लावला.
सिस्टर म्हणाल्या, बंद आहे ना?
मी तिसऱ्यांदा लावला.

तार बदलली. फ्रीज कण्हत सुरू झाला.
कॉम्प्युटरला जागं व्हायला वेळ लागतो,
माझ्यासारखाच.
मग शुद्ध मराठीत म्हणाला,
'क्षमस्व, तुमचं उत्तर जतन झालेलं नाही.'

पुन्हा तोच चौकोन, रिकामा.
भ कुठे असतो
ते आता माहीत होतं.