विहिरीच्या खोलीतला दिवा

बारा बल्ब घेऊन आईकडे गेलो
तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता.
रिगाहून अडीच तास बस, पुढे चिखलातून पायी,
पिशवीत बारा खोकी, प्रत्येकावर छापलेलं:
नऊ वॅट. पंधरा वर्षं.
पंधरा? आई म्हणाली,
मग पावती तुझ्याच नावावर ठेव.
ती त्र्याऐंशीची आहे.

मी शिडी लावली.
जुने बल्ब काढताना बोटं पोळत होती,
फडक्यात धरून एकेक उतरवला,
अंड्यांसारखा टोपलीत ठेवला.
मग वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं
साठातून नऊ गेले, गुणिले तास, गुणिले दिवस,
वर्षाला वाचणारे युरो.
तिने चष्मा लावला.
दूध संघाच्या कचेरीत एकतीस वर्षं हिशेब लिहिलेली बाई,
बोट फिरवत खाली आली नि थांबली:
हातचा एक विसरलास.

अंगणापलीकडे विहिरीची खोली.
कमरेएवढं दार, आत पंप,
पंपाच्या मानेशी वायरीला लोंबणारा एक बल्ब
रात्रंदिवस पेटलेला.
हा कोणासाठी?
पाण्यासाठी.
मी हसलो. पाण्याला काय वाचायचंय?
ती काही बोलली नाही.
(बोलली असेल. मी शिडीवर होतो,
तोंडात स्क्रू होता.)

जानेवारीत, सकाळी पाचला फोन.
उणे चोवीस.
काय दिवे लावलेस रे, एवढंच म्हणाली
आणि ठेवला.

पोचलो तेव्हा शेजारचे अर्विड्स
हेअर ड्रायर घेऊन पंपाशेजारी उकिडवे बसलेले,
त्यांच्या सुनेचा, गुलाबी.
पाईप तडकला होता.
तडीतून फुगून आलेला बर्फ, कोबीच्या गड्ड्याएवढा,
आणि त्याच्यावर माझा नवा बल्ब
शुभ्र, निष्कलंक, एकही वॅट वाया न घालवता.
बर्फ आरपार उजळला होता.
खरं सांगू? सुंदर दिसत होता.
मी हात लावून पाहिला बल्बला,
माझ्या कपाळापेक्षा गार.

उष्णता वाया जाते, असं मीच समजावलं होतं तिला,
शंभरातले पाच भाग उजेड, बाकी नुसती ऊब,
नुसती, म्हणालो होतो.

जुना बल्ब आता कुठून आणायचा?
दुकानांतून ते केव्हाच गेले.
अर्विड्सनी मान हलवली, गुलाबी वारा चालूच.
आई आत गेली, शिवणाचा खण ओढला.
त्यात मोजे. प्रत्येक मोज्याच्या टाचेत काहीतरी गोल.
उडालेले बल्ब ती असे ठेवायची,
टाच ताणून धरायला, वर सुई फिरवायला.
माझे शाळेचे सगळे मोजे अशाच
विझलेल्या काचेवर रफू झालेत,
पायाला शिवण टोचायची नाही.
पण यातले हे बाराच्या बारा धडके होते.
टोपली मी कचऱ्यात नेऊन ओतली होती
त्या संध्याकाळी, बस पकडायच्या घाईत.
ती बॅटरी घेऊन गेली असणार.

राखाडी मोज्यातून एक काढला,
कानाशी हलवून ऐकला,
माझ्या हातात दिला.

दुपारपर्यंत नवा पाईप, नवा सांधा,
अर्विड्सना एक बाटली,
आणि एकूण खर्च असा
की वहीतले माझे युरो तीन हिवाळे पुरणार नाहीत.
मी बादली पालथी घालून तिथेच बसून राहिलो,
दार ओढून, हात त्या पिवळ्या काचेभोवती.
शेजारी पाणी होतं, पाईपात.
दोघंही शेकत होतो.

रात्री आईने वही काढली.
माझा गुणाकार खोडला नाही,
बाराचे अकरा केले, हातचा एक नीट मांडला
आणि खाली लिहिलं:
पाणी, साठ वॅट, डिसेंबर ते मार्च.

मग स्वयंपाकघरातल्या नव्या दिव्याखाली
सुई वर धरली
आणि दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.
हा बरा आहे, म्हणाली.
मोजा काढ. अंगठा दिसतोय तुझा.